फॉरमॅट मारण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या थांबल्या. २९ जुलै २०१५ रोजी आलेली ही ऑपरेटिंग सिस्टीम दहा वर्षं घरांत, दुकानांत, शाळांत आणि वकिलांच्या टेबलांवर चालली. १५ तारखेला सकाळी कुणाचाही संगणक बंद पडला नाही, त्यामुळे काही घडलंय हे अनेकांच्या ध्यानातच आलं नाही. एरवी सिस्टीममध्ये सुरक्षेची नवी फट सापडली की ती बुजवणारी दुरुस्ती इंटरनेटवरून आपोआप येते. आता ती आपोआप येणार नाही. नुसता टाइपरायटर म्हणून वापरल्या जाणाऱ्या संगणकाला याची फारशी झळ नाही. ज्यावरून बँकेचे व्यवहार होतात, त्याला आहे.

अशा संगणकाच्या मालकापुढे तीन वाटा आहेत. पहिली विंडोज ११ ची. ती मोफत मिळते, पण तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. ही पिढी २०१७ च्या उत्तरार्धात आली, त्यामुळे त्याआधीचे धडधाकट संगणकही या चाळणीतून गळतात. दुसरी वाट मुदतवाढीची. घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवता येतात, पण तो फक्त श्वास घ्यायला मिळालेला अवधी आहे. तिसरी वाट लिनक्सची. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने या सिस्टीमचा गाभा लिहायला घेतला. आज त्या गाभ्याभोवती उबुंटू, लिनक्स मिंट, झोरिन असे अनेक ‘डिस्ट्रो’ उभे आहेत. ते फुकट मिळतात आणि जुन्या यंत्रांवरही बरे चालतात.

तिसऱ्या वाटेने जाऊ पाहणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो, “कुठला डिस्ट्रो चांगला?” खरं तर हा शेवटचा प्रश्न आहे. सिस्टीम बसवण्याचं काम अर्ध्या-पाऊण तासाचं असतं. ज्यांचं हे स्थलांतर फसतं, त्यांचं बहुधा त्या अर्ध्या तासाआधी काय केलं नाही यामुळे फसतं.

म्युनिक आणि फ्रान्स

जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेवर २००३ साली हीच वेळ आली होती. तिच्या सुमारे चौदा हजार संगणकांवर विंडोज एनटी ४ होती आणि तिचा आधार संपत आला होता. लिनक्सकडे जायचा विचार सुरू झाला, तेव्हा मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर स्कीइंगची सुट्टी अर्धवट टाकून महापौर ख्रिस्तियान उडे यांना भेटायला आले. तरीही नगरसभेने लिनक्सच्याच बाजूने कौल दिला आणि योजनेचं नाव पडलं ‘लिमक्स’. प्रत्यक्ष संगणक बदलायला २००६ उजाडलं आणि मुख्य काम संपायला २०१३.

एवढी वर्षं गेली कुठे? ती गेली खात्याखात्यांत साचलेल्या पत्रांच्या नमुन्यांत, वर्डमध्ये लिहिलेल्या मॅक्रोंत (ठरावीक काम आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामांत) आणि फक्त विंडोजवर चालणाऱ्या खास सॉफ्टवेअरांत. प्रत्येक खात्याचा संगणक विभाग वेगळा आणि त्याची रीतही वेगळी. पत्रनमुन्यांचा पसारा आवरायला महापालिकेला ‘वोलमक्स’ नावाचं साधन स्वतः घडवावं लागलं. पुढे महापौर बदलले, बाहेरच्यांशी फायलींची देवाणघेवाण करताना येणाऱ्या अडचणींच्या तक्रारी वाढल्या आणि २०१७ मध्ये नगरसभेने पुन्हा विंडोजकडे वळायचं ठरवलं. त्या निर्णयात राजकारण होतंच. पण लिनक्स चालत नाही, असं काही त्यातून सिद्ध झालं नाही.

फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने त्याच सुमारास दुसरा क्रम धरला. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी ओपनऑफिस आणलं, पण संगणकावर विंडोजच ठेवली. २००६ मध्ये फायरफॉक्स हा ब्राउझर आणि थंडरबर्ड ही मेलची सोय आणली, तरी विंडोज होतीच. २००८ पासून खालची सिस्टीम बदलून उबुंटू बसवायला सुरुवात केली. तोवर दलातल्या माणसांचा हात या सॉफ्टवेअरवर बसला होता, त्यामुळे सिस्टीम बदलली त्या दिवशी रोजच्या कामाच्या खिडक्या त्याच राहिल्या. २०१३ पर्यंत तिथले ३७,००० संगणक उबुंटूवर गेले होते आणि दलाने ही वाट पुढेही सोडली नाही. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांसाठी अशीच योजना जाहीर केली, तेव्हा तिथेही आधी ऑफिसचं सॉफ्टवेअर, मग मेल आणि त्यानंतर लिनक्स असाच क्रम ठेवला.

घरच्या एका संगणकालाही हाच क्रम लागू पडतो. विंडोजसाठी बनवलेला प्रोग्राम फाइल उघडणं, खिडकी काढणं, छपाईला पाठवणं अशी कामं विंडोजच्या ठरलेल्या हाकांनी करून घेतो. लिनक्सला त्या हाका कळत नाहीत. त्या ओळखून लिनक्सला समजतील अशा करणारं ‘वाइन’ नावाचं सॉफ्टवेअर १९९३ पासून घडतंय, पण ते प्रत्येक प्रोग्रामला पुरं पडतंच असं नाही. उलट लिबरऑफिस, फायरफॉक्स, थंडरबर्ड, व्हीएलसी, गिंप, इंकस्केप ही सगळी सॉफ्टवेअर दोन्हीकडे चालतात. म्हणून ती आजच, चालू विंडोजवर टाकून वापरायला घ्यावीत. काही अडलं तर जुनं सॉफ्टवेअर शेजारीच असतं.

आठवड्याची वही

त्याआधी एक वही करावी. आठवडाभर संगणकावर जे जे उघडलं, ते लिहून काढायचं: सॉफ्टवेअर, वेबसाइट, जोडलेलं यंत्र. मग त्याचे तीन गट पाडायचे.

पहिल्या गटात ब्राउझरमध्ये होणारी कामं येतात. बँक, वीजबिल, सातबारा, रेल्वेचं आरक्षण, व्हॉट्सअॅप वेब, यूट्यूब. यांना खालची सिस्टीम कुठली याने फारसा फरक पडत नाही. बऱ्याच घरांची वही इथेच संपते.

दुसऱ्या गटात ज्याला पर्याय आहे ते येतं. वर्ड-एक्सेलला लिबरऑफिस आहे, पण एक्सेलच्या मॅक्रोंची परीक्षा स्वतंत्रपणे घ्यावी लागते, कारण ते जसेच्या तसे चालतील याची खात्री नसते. आउटलुकमधला जुना मेल पीएसटी फाइलमध्ये अडकलेला असेल, तर तो विंडोज असेपर्यंतच बाहेर काढून ठेवणं सोपं. फ्लेक्सच्या दुकानातल्या कोरलड्रॉच्या फायली इंकस्केपमध्ये उघडतात, पण रचना हलते. नवं काम तिथे करता येईल, जुन्या फायलींना मात्र पीडीएफची जोड हवी.

तिसरा गट अवघड. टॅली विंडोजसाठीच बनतं. आधारची बोटं टिपणारी यंत्रं चालवणाऱ्या सेवा बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच असतात, त्यामुळे सेवा केंद्र चालवणाऱ्याने तो संगणक हलवू नये. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनांपैकी काहींना लिनक्सचे ड्रायव्हर मिळतात, काहींना नाही, शिवाय सरकारी पोर्टलवर सही उमटवणारं सॉफ्टवेअरही तपासावं लागतं. दुकानादुकानांतून दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर आपली स्वतःचीच छपाईची भाषा बोलतो आणि लिनक्सवर त्याला बोलता करणं जिकिरीचं आहे. वायफायवर चालणारे अलीकडचे बरेच प्रिंटर मात्र वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापू लागतात.

तिसऱ्या गटात एकच नाव असलं तरी निर्णय बदलतो. मग एक संगणक विंडोजवरच ठेवणं किंवा एकाच यंत्रावर दोन्ही सिस्टीम नांदवणं हे मार्ग उरतात. विंडोजचं रीतसर लायसन्स असेल आणि यंत्रात ८ जीबीहून जास्त मेमरी असेल, तर व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरने लिनक्सच्या आत विंडोजचा एक आभासी संगणकही चालवता येतो.

मराठी फायलींची गाठ

मराठी माणसाच्या वहीत आणखी एक ओळ लागते, जी इंग्रजी मार्गदर्शक पुस्तिकांत सापडणार नाही: आपला मराठी मजकूर कशात लिहिलेला आहे?

प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःची ठरलेली खूण देणारी युनिकोड पद्धत सर्रास होण्याआधी, आणि काही टेबलांवर आजही, मराठीचं काम श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, सीडॅकच्या आयएसएममधले डीव्हीबी फॉन्ट अशा साधनांवर चाललं. यांतल्या बऱ्याच फॉन्टांची करामत अशी, की फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच. तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिलेली फाइल घ्या. संगणकाच्या दृष्टीने तिथे ओळीने पाच खुणा आहेत: ई, जे, के, मोठ्या लिपीतला बी आणि एच. कृतिदेव असेल तर ई चा म दिसतो, जे चा र, के चा काना, बी चा ठ आणि एच ची दीर्घ वेलांटी. फॉन्ट नसेल तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग उरते. अशा फाइलमध्ये ‘मराठी’ हा शब्द शोधला तर तो सापडत नाही, कारण तो तिथे नाहीच.

नव्या सिस्टीमवर जुना फॉन्ट टाकून वाचण्यापुरतं भागवता येतं. पण काही संचांचं टायपिंगचं सॉफ्टवेअर डाँगलला बांधलेलं आणि विंडोजसाठीच असतं, त्यामुळे पुढचं लेखन अडतं. जपून ठेवण्यासारखा मजकूर युनिकोडमध्ये आणणं हाच पक्का उपाय, आणि हे काम विंडोज हाताशी असतानाच उरकावं.

रूपांतर करणारी साधनं आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलटं आहे: तो टाइप होतो नंतर आणि साठवला जातो आधी. म्हणजे रूपांतर करताना नुसती खुणेला खूण बदलून चालत नाही, क्रमही फिरवावा लागतो, आणि चुका नेमक्या तिथेच होतात. तपासायला बसाल तेव्हा ‘शिर्डी’, ‘कार्यकर्ते’, ‘विद्यार्थ्यांनी’ असे शब्द आधी बघा. दुसरा धोका मिश्र मजकुराचा. मराठी पत्रात मध्येच इंग्रजी नाव, ईमेल किंवा पॅन क्रमांक असेल, तर सगळा मजकूर सरसकट रूपांतरात टाकल्यावर त्याचीही देवनागरी खिचडी होते. म्हणून मूळ फाइल कधीही पुसायची नाही. तिची फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ काढायची, मग रूपांतर करायचं आणि दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघायचं.

युनिकोडमध्येच लिहिणाऱ्यांचं काम बरंच हलकं आहे, पण तिथेही खाचखळगे आहेत. मंगल, कोकिळा, निर्मला हे फॉन्ट मायक्रोसॉफ्टचे असल्याने लिनक्सबरोबर येत नाहीत. त्यांच्या जागी दुसरा फॉन्ट येतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि चार पानांचा अर्ज पाच पानांवर जातो. नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या एकटाइपने घडवलेला मुक्ता हे मोफत फॉन्ट आधीच विंडोजवर टाकून आपले नमुने त्यांत बसवून घेतले, तर हा घोळ टळतो. लिबरऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट रोमन लिपीच्या फॉन्टहून वेगळा ठरवावा लागतो. भाषेच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांचा तो विभाग चालू करून तिथे मराठी निवडली की बरीच डोकेदुखी संपते. शिवाय ज्या फॉन्टांत हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं आहेत, त्यांत ल आणि श मराठी धाटणीचे उमटतात.

टायपिंगचं काय? इनस्क्रिप्ट शिकलेल्याला काहीच नवं शिकायचं नाही, के च्या कळीवर क दोन्हीकडे येतो. रेमिंग्टनच्या सवयीच्या हातांसाठीही मांडणी मिळते. रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवणाऱ्यांना मात्र थोडी शिस्त लागेल. तिथल्या आयट्रान्स पद्धतीत लहान टी ने त आणि मोठ्या टी ने ट येतो. तुम्हाला काय म्हणायचंय याचा अंदाज ती बांधत नाही.

पेनड्राइव्हवरची रंगीत तालीम

सॉफ्टवेअर आणि फायली जागेवर आल्या की यंत्राची पाळी. लिनक्सची एक मोठी सोय अशी, की ते न बसवताच चालवून बघता येतं. निवडलेल्या डिस्ट्रोची आयएसओ फाइल त्याच्या अधिकृत वेबसाइटवरून उतरवायची, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफस किंवा व्हेंटॉयने चढवायची आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे ध्यानात ठेवावं. हार्ड डिस्कला मात्र आपण सांगेपर्यंत हात लागत नाही.

या तालमीत वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, ब्लूटूथ जोडतं का, प्रिंटर छापतो का हे सगळं बघून घ्यायचं. लॅपटॉपचं झाकण मिटून पुन्हा उघडायचं, कारण झोपलेलं यंत्र जागं न होणं ही नेहमीची तक्रार आहे. नवख्याला लिनक्स मिंट जवळची वाटते, कारण मेनू, खालची पट्टी, घड्याळ विंडोजसारखंच मांडलेलं असतं. तिच्या बावीसाव्या मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. मुलांसाठी सिस्टीम निवडणाऱ्यांनी केरळकडे बघावं. तिथल्या सरकारी शाळा अनेक वर्षं लिनक्सवर संगणक शिकवतात. ज्या मुलाने दुसरं काही पाहिलेलंच नाही, त्याला सवय मोडावी लागत नाही.

प्रत्यक्ष बदल

बसवण्याआधी बॅकअप. फायलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नये. दुसऱ्या संगणकावर त्यातल्या चार-दोन फायली उघडून बघाव्यात. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे दोन कोपरे लोक हमखास विसरतात, आणि लग्नाचे फोटो नेमके तिथे असतात.

दुसरी काळजी बिटलॉकरची. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सुरू होण्याच्या मांडणीत फरक पडला की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. आधीच बघून कागदावर उतरवून ठेवावी, कारण ऐन वेळी खात्याचा पासवर्डही आठवत नाही.

दोन्ही सिस्टीम ठेवायच्या असतील तर त्या एका घरातल्या दोन चुली समजा. प्रत्येकीची जागा आखून द्यावी लागते आणि भांडणाची कारणं आधीच मिटवावी लागतात. डिस्कवरची जागा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच मोकळी करावी. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करावं. ते चालू असलं की संगणक बंद केल्यावरही विंडोज डिस्क अर्धवट धरून ठेवते, आणि लिनक्स त्या भागावर लिहायला नकार देतं. तिसरं कारण गमतीचं आहे. विंडोज संगणकातलं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवते, लिनक्स जागतिक वेळेवर. त्यामुळे भारतात लिनक्स वापरून विंडोजमध्ये परतलं की घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं. यंत्र बिघडलेलं नसतं. लिनक्सलाही स्थानिक वेळ पाळायला सांगितलं की वाद मिटतो.

विंडोज पूर्ण काढायची असेल, तर शक्य झाल्यास जुनी डिस्क पुसूच नये. ती काढून कपाटात ठेवावी आणि नव्या एसएसडीवर लिनक्स बसवावं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसली की मरगळलेला संगणकही तरतरीत होतो, आणि काही राहून गेलं तर जुनं घर जसंच्या तसं उघडता येतं.

पहिला महिनाभर हात अडखळतील. सॉफ्टवेअर वेबसाइटवरून उतरवून ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करण्याची सवय सोडून सिस्टीमच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यायची सवय लावावी लागेल. फाइलच्या रोमन नावात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक इथे धरला जातो. या काळात वही पुन्हा उघडावी आणि कशासाठी विंडोजकडे जावं लागलं तेवढंच टिपावं. महिनाअखेरीस पान कोरं असेल, तर दुसरी चूल मोडायला हरकत नाही. तीच दोन-तीन कामं पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर ती तिसऱ्या गटातली आहेत असं समजून दोन्ही सिस्टीम ठेवाव्यात. त्यात हार मानण्यासारखं काही नाही.

काहींचा हिशेब शेवटी विंडोज ११ च्याच बाजूने पडेल, आणि ते अगदी रास्त असेल. ज्याचा धंदा टॅलीवर चालतो, त्याने तत्त्वासाठी धंदा अडवू नये. पण वही, बॅकअप, युनिकोडमध्ये आणलेला मजकूर आणि दोन्हीकडे चालणारी सॉफ्टवेअर ही मेहनत तेव्हाही वाया जात नाही. विंडोज ११ चा आधारही कधीतरी संपेल. त्या वेळी ज्याच्या फायली कुठेही उघडतात, त्याला कुणाच्या चिपची किंवा मुदतवाढीची वाट पाहावी लागणार नाही. तो भाव विचारील, सोय बघेल आणि ठरवेल.